नन्नाचा पाढा

पैलवान गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात त्याचा फोटो आला. फोटोखाली छापलं होतं, 'ज्येष्ठ लेखक आणि विनोदी अभिनेता'. ते वाचून मास्तरांचं डोकं असं सटकलं की रडायचं राहूनच गेलं.

"लेखक," ते स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले. "ऐकलंस का? लेखक गेला म्हणे."

"अहो, हळू बोला," बायको आतून म्हणाली. "माणूस कालच गेलाय."

"माणूस गेला त्याचं मला दुःख आहे. पण लेखक कुठे गेलाय? लेखक इथे बसलाय, चहा गार होतोय त्याचा."

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मास्तरांनाही माहीत होतं. पण जिवंत माणसाबद्दल खोटं छापू नये हे पेपरवाल्यांना कुणी सांगायचं? त्यांनी पेपराची घडी घातली, ती उलगडली, तो शब्द पुन्हा वाचला आणि परत घडी घातली. असं चार वेळा झाल्यावर बायकोने पेपर काढून घेतला.

आता हा राग नीट कळायचा तर थोडं मागे जावं लागेल. बावीस वर्षं, दर शुक्रवारी संध्याकाळी, 'पुढे सरका' नावाचा कार्यक्रम टीव्हीवर लागत असे. त्यात दोन माणसं एका रांगेत उभी असायची. पुढे मास्तर, मागे पैलवान. रांग कशाची ते कधी कळायचं नाही, खिडकी कधी उघडायची नाही आणि उघडली तरी मास्तरांचा नंबर येईपर्यंत बंद व्हायची. मास्तर पुढे उभे राहून चिडायचे. पैलवान मागे उभा राहून बहुतेक गप्प असायचा. एवढंच. एवढ्यावर आख्खा देश बावीस वर्षं हसला.

मास्तरांना चिडायचा अभिनय करावा लागत नसे. राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर कायमचा मुक्कामाला होता. आधी ते खरोखरचे मास्तर, शाळेत गणित शिकवायचे. पैलवान हा तराजू दुरुस्त करणारा. त्याच्या अंगात सदरा खुंटीला टांगल्यासारखा लोंबायचा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. शाळेच्या प्रयोगशाळेतला काटा बिघडला म्हणून तो एकदा आला, तेव्हा मास्तर शिक्षकांच्या खोलीत हेडमास्तरांची नक्कल करत होते. खोलीतले सगळे पोट धरून हसत होते. दारात उभा असलेला हा काडीपैलवान तेवढा हसत नव्हता.

"काय हो, आवडलं नाही?" मास्तरांनी विचारलं.

"नाही," पैलवान म्हणाला आणि निघून गेला.

मास्तर रात्रभर तळमळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच नक्कल अर्ध्या वेळात केली, नुसती चालून दाखवली, तोंडाने बोललेच नाहीत. पैलवान दारात होताच. त्याने खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधल्या आणि म्हणाला, "उद्या येतो. काटा अजून हलतोय." त्या दिवशी ती नक्कल पाहून हेडमास्तर स्वतः हसले होते. मास्तरांना वाटलं, ते आपल्यामुळे.

पुढे टीव्हीवर काम मिळालं, तेव्हा दोघांनी चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानावरची एक खोली भाड्याने घेतली. खोलीत एक टेबल, एक खुर्ची आणि एक चटई. खालून दिवसभर कानस घासल्याचा आवाज यायचा. मास्तर खुर्चीवर बसून लिहायचे. पैलवान बूट काढून, ते भिंतीशी नीट जोडून ठेवून, चटईवर आडवा व्हायचा आणि तोंडावर वर्तमानपत्र घ्यायचा. मास्तर लिहून झालं की वाचून दाखवायचे, अगदी हातवारे करून. वर्तमानपत्राखालून आवाज यायचा, "नाही."

"काय नाही?"

"नाही."

बस्स. पुढे नाही, मागे नाही. मास्तर पेन फेकायचे, उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शिव्या घालायचे, खोलीत फेऱ्या मारायचे, खाली चावीवाल्याच्या डोक्यावर धूळ पडेल इतके पाय आपटायचे आणि मग रागारागाने बसून पुन्हा लिहायचे. पुन्हा वाचायचे. पुन्हा "नाही." कधी चार वेळा, कधी चौदा वेळा. आणि मग एकदा केव्हातरी वाचून झाल्यावर वर्तमानपत्राखालून काहीच आवाज यायचा नाही. पैलवान उठायचा, बूट घालायचा आणि जिना उतरून चालू लागायचा. याचा अर्थ पास. छान नाही, वा नाही, हसणं तर नाहीच. बूट घातले की समजायचं.

ते घड्याळाचं सगळ्यांना पाठ आहे. पैलवान विचारतो, "कधीपासून उभे आहात?" मास्तर म्हणतात, "फार झालं." पैलवान म्हणतो, "घड्याळ आहे की हातात." मास्तर घड्याळाकडे बघतात आणि म्हणतात, "हे लग्नात मिळालं. रांगेत त्याच्या आधीपासून आहे." रस्त्यात, दवाखान्यात, बँकेत लोक मास्तरांना थांबवून हे वाक्य म्हणून दाखवतात. मास्तरांनी ते पहिल्यांदा लिहिलं तेव्हा ते दीड पानांचं होतं. त्यात खिडकीतल्या कारकुनावर, त्याच्या साहेबावर आणि साहेबाच्या साहेबावर आगपाखड होती. नऊ वेळा 'नाही' ऐकल्यावर मास्तरांनी संतापून सगळं खोडलं. "घे, आता काय उरलंय, घड्याळ?" असं म्हणून ते उरलेलं वाक्य त्याच्या तोंडावर फेकलं. पैलवानाने बूट घातले.

आणि तरीही कार्यक्रम संपल्यावर येणाऱ्या पाट्यांवर नाव काय यायचं? 'लेखन: मास्तर आणि पैलवान'. चूक मास्तरांचीच. पहिल्या भागाच्या वेळी पाट्या करणाऱ्याने विचारलं, लेखन कोणाचं? पैलवान मूग गिळून बसला. मास्तर तेव्हा तरुण होते, खुशीत होते, त्यांनी दोघांची नावं सांगून टाकली. हात दाखवून अवलक्षण ते हेच. त्यानंतर बावीस वर्षं दर शुक्रवारी ती पाटी त्यांच्या डोळ्यांत खुपली. बक्षीस मिळालं की दोघांना. भाषणाला बोलावलं की दोघांना. पैलवान उभा राहून म्हणायचा, "मास्तर बोलतील," आणि लोक त्याच्याच नम्रपणाला टाळ्या वाजवायचे.

शेवटच्या वर्षी एकदा मास्तरांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि हातात पेन दिलं. म्हणाले, "लिही. एक ओळ लिही. बावीस वर्षांत तू एकच शब्द बोललास, तोही माझ्या तोंडावर मारलास."

पैलवान तासभर बसला. कागद कोरा.

"मला नाही येत," तो शेवटी म्हणाला.

"मग नाही कशाला म्हणतोस? कारण तरी दे."

"कारण कळलं असतं तर मीच लिहिलं नसतं का?"

असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? पालथ्या घड्यावर पाणी. आणि अशा माणसाला पेपरवाले लेखक म्हणतात.

पैलवान गेल्यावर दहा दिवसांनी चॅनेलची निर्माती मास्तरांच्या घरी आली. मास्तर तिला 'चॅनेलबाई' म्हणत. तिशीतली, हुशार, बोलताना सारखी मान डोलावणारी. तिला पैलवानाच्या आठवणीसाठी एक खास भाग करायचा होता. रांगेत मास्तर एकटे, मागची जागा रिकामी. शिवाय जुने सगळे भाग पुन्हा दाखवायचे होते आणि संहितांचं पुस्तकही निघणार होतं.

"लेखक म्हणून नावं आधीसारखीच ना, मास्तर?"

"नाही," मास्तर म्हणाले. "लेखन माझं आहे. सगळं. पुस्तकावर, जुन्या भागांवर, नव्या भागावर. फक्त माझं नाव."

चॅनेलबाई पहिल्यांदाच मान डोलवायची थांबली. "मग त्यांच्या मिसेसचं एक पत्र लागेल. आमची हरकत नाही असं. म्हणजे पुढे काही वाद नको."

"आणतो."

ती गेल्यावर बायको म्हणाली, "दहा दिवस झालेत अहो. वहिनींपुढे आत्ताच कागद धरणार?"

"बावीस वर्षं थांबलोय. अजून किती थांबू? मीही त्याच्या मागोमाग गेल्यावर?"

त्यांनी पत्र स्वतःच लिहिलं, शाळेतल्या वळणदार अक्षरात. 'माझ्या पतीने सदर कार्यक्रमाचे कोणतेही लेखन केलेले नाही.' मागची बाजू कोरी, चांगला जाड कागद. आणि बरोबर नव्या भागाचं लिखाणही घेतलं. ते त्यांनी एका बैठकीत लिहून काढलं होतं. कुणी अडवलं नाही, कुणी नाट लावला नाही. साडेतीन पानं, एकही खाडाखोड नाही. मास्तरांना वाटलं, बघा, हा अडसर नसता तर आपण आयुष्यात किती लिहिलं असतं.

पैलवानाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिना चढताना मास्तरांनी वाक्यं घोळवली. वहिनी, गैरसमज नको. वहिनी, मला त्याच्याबद्दल प्रेम आहे, पण प्रेम वेगळं आणि खरं वेगळं. वहिनी रडतील, कदाचित भांडतील, म्हणतील ह्यांनी तुमच्यासाठी जन्म घालवला. त्यावर काय बोलायचं तेही त्यांनी ठरवलं होतं. दाराशी पैलवानाचे बूट होते, भिंतीशी नीट जोडून ठेवलेले.

वहिनींनी पत्र वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"सही कुठे करू, भावजी?"

मास्तरांची सगळी वाक्यं तोंडातच राहिली. "इथे, खाली. पण वहिनी, तुम्हाला काही वाटलं तर..."

"काय वाटायचं त्यात? हे तर स्वतःच सांगायचे सगळ्यांना. लिहितो मास्तर, मी नुसते बूट घालतो." त्यांनी सही केली, तारीखही घातली. "उगाच तुम्हाला ताप. मला फोन केला असता तर मीच पाठवलं असतं."

भांडायला दंड थोपटून यावं आणि समोरच्याने पाणी विचारावं, तसं झालं. मास्तरांना काय करावं कळेना. मग नवं लिखाण हातात होतं म्हणून त्यांनी तेच वाचून दाखवलं. वहिनींनी पदराने डोळे टिपले. "छान आहे हो," त्या म्हणाल्या. मास्तरांना आत कुठेतरी काहीतरी टोचलं. विनोदी लेखकाने लिहिलेलं ऐकून बाई रडत होती आणि छान म्हणत होती.

"तुम्हाला हसू नाही आलं कुठे?"

"मला मेलीला काय कळतंय. हसायचे ते हे." वहिनी सहज बोलून गेल्या. "तुमचं जमलं ना, की त्या दिवशी जिन्यातूनच आवाज यायचा. खाली दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून हसायचे. मग वर यायचे, तर डोळे लाल, नाड्या सुटलेल्या. त्या घड्याळाच्या वेळी तर मी घाबरले. उशीत तोंड खुपसून हसत होते. म्हटलं डॉक्टरला बोलवू का."

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. "पैलवान? हसायचा?"

"म्हणजे काय."

"माझ्यासमोर कधी नाही हसला. एकदाही नाही."

"मी विचारलं होतं एकदा. तर म्हणाले, हसू ऐकलं की मास्तर पेन खाली ठेवतो. मग पुढचं कोण लिहिणार?" वहिनी पत्राची घडी घालून देत म्हणाल्या, "चहा टाकू का?"

मास्तरांनी चहा घेतला नाही. जिना उतरताना त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दुसऱ्या मजल्याच्या पायरीपाशी ते थांबले. साधी पायरी, कडेला झिजलेली. इथे बसून तो हरामखोर हसत होता. बावीस वर्षं मास्तर त्याच्याकडे एक हसू मागत होते. लोक हसले, मंत्री हसले, परदेशातले पाहुणे न समजता हसले. मास्तर प्रत्येक वेळी मान वळवून मागे बघत, हा हसला का. आणि हा साठवून, तोंड दाबून, इथे आणून सांडत होता. पायरीला. मास्तरांनी त्या पायरीवर हातातली काठी आपटली. शेजारचं दार उघडून एक बाई बघायला आली, तिच्याकडेही त्यांनी असं पाहिलं की ती आत गेली.

"चोर आहे तो," घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले. "माझी पावती होती ती. माझ्या हक्काची. खिशात घालून घेऊन जायचा."

"मग आता पत्राचं काय करणार?"

"काय म्हणजे? देणार. आता तर देणारच. दुप्पट देणार."

पण त्या आठवड्यात मास्तरांना चैन पडेना. ते लिखाण त्यांनी सतरा जणांना वाचून दाखवलं. चॅनेलबाईला फोनवर. रंगभूषाकाराला. डॉक्टरांना. सगळ्यांचं एकच, वा. कमाल, मास्तर. डोळ्यांत पाणी आलं. विशेषतः एक वाक्य सगळ्यांना आवडायचं. त्यात मास्तर मागच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणतात, 'आयुष्यभर माझ्या मागे उभा राहिला. आणि शेवटी एकदाच रांग मोडली, तर माझ्याच पुढे गेला.' इथे माणसं उसासा टाकायची. मास्तरांना पहिल्यांदा बरं वाटलं, पाचव्यांदा शंका आली, दहाव्यांदा त्या उसाशाची शिसारी बसली.

शेवटी त्यांनी बायकोला समोर बसवलं. "नीट ऐक आणि खरं सांग. कुठे काही खटकलं तर नाही म्हण."

तिने ऐकलं. "मला आवडलं हो."

"खोटं बोलू नकोस."

"आवडलं म्हटलं तर खोटं. नाही म्हटलं असतं तर?" बायको कधी आवाज चढवायची नाही, त्या दिवशीही चढवला नाही, पण हातातलं काम खाली ठेवलं. "तो एक माणूस तुम्हाला नाही म्हणायचा, तर तुम्ही घरी येऊन भांडी आदळायचात. मुलं लहान असताना दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. आता मी नाही म्हणू आणि माझं डोकं फोडून घेऊ? ज्याच्यात तुमच्या शिव्या ऐकायचं बळ होतं तो गेला. आता जन्मभर वा ऐका."

बायकोवर चिडावं तर तिचं बोलणं आणखी खरं ठरलं असतं. मास्तर तसेच गच्चीत जाऊन उभे राहिले आणि कुंडीतल्या निरपराध झाडाची चार पानं तोडून टाकली.

चित्रीकरणाचा दिवस आला. तोच स्टुडिओ, तीच खोटी खिडकी, तीच हिरवी भिंत. जमिनीवर उभं राहायच्या जागा दाखवायला चिकटपट्टीच्या दोन फुल्या होत्या. पुढची मास्तरांची, मागची पैलवानाची. पैलवानाच्या फुलीची पट्टी नवी होती, कुणीतरी आठवणीने लावली होती. फ्लोअर मॅनेजर जुनाच. पहिल्या भागाला तो वायरी ओढायचा, आता सगळ्यांना हाका मारायचा. कानावरचं यंत्र कधी उतरत नसे म्हणून त्याचं नाव हेडफोन पडलं होतं. बावीस वर्षांत तो मास्तरांशी 'जागेवर', 'तयार' आणि 'झालं' यापलीकडे काही बोलला नव्हता. बोलायची कुणाची छाती होती?

दोनशे प्रेक्षक होते. मास्तर नुसते फुलीवर येऊन उभे राहिले तर टाळ्या. पहिलं वाक्य म्हटलं तर टाळ्या. तिसऱ्या वाक्याला पुढच्या रांगेतल्या बाईने रुमाल काढला. आणि 'माझ्याच पुढे गेला' म्हटल्यावर आख्खं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. मास्तरांनी सवयीने मान वळवून मागे पाहिलं. चिकटपट्टीची फुली होती.

"एका टेकमध्ये," चॅनेलबाई धावत आली, तिचेही डोळे ओले. "मास्तर, काय बोलू? सगळे रडतायत. ते पत्र आणलंत ना? पाटी तर आम्ही करून ठेवली आहे, बघा."

तिने पडद्याकडे बोट दाखवलं. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं होती. 'लेखन: मास्तर'. शेजारी 'आणि' नाही, खाली काही नाही. यासाठी त्यांनी बावीस वर्षं दात-ओठ खाल्ले होते. मास्तर पाटीकडे बघत राहिले. खिशात हात घालून त्यांनी पत्र चाचपलं. मागे प्रेक्षक अजून नाक ओढत होते.

"नाही," मास्तर म्हणाले.

"पत्र नाही आणलं?"

"पत्र आहे. हे नाही." त्यांनी हाताने सगळ्याकडे निर्देश केला, खिडकी, भिंत, साडेतीन पानं. "हे जे केलं ते नाही."

"काय नाही, मास्तर?"

"कारण कळलं असतं तर आधीच लिहिलं नसतं का?"

हे बोलून गेल्यावर आपण कुणाचं वाक्य बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्याचाही राग आला. ते खाली बसले, तिथेच, आपल्या फुलीवर. गुडघे दुखतात म्हणून ते कधी जमिनीवर बसत नसत. त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले आणि बाजूला ठेवले. चॅनेलबाईने हेडफोनकडे पाहिलं. हेडफोनने छताकडे पाहिलं.

"मास्तर, लोकांना एवढं आवडलंय," चॅनेलबाई समजावणीच्या सुरात म्हणाली. "ते हसले नाहीत, पण—"

"तेच. दोनशे माणसं आणून एकालाही हसवता आलं नाही. हे काय शोकसभेचं भाषण आहे? त्याच्या नावाने रडायला मी लोकांना इथे बोलावलं?" मास्तरांचा आवाज चढत गेला. "आणि तुम्ही सगळे वा वा करताय. सतरा माणसांना वाचून दाखवलं मी. सतरा. एकाने तरी नाही म्हणायचं. मी काय खातो का तुम्हाला?"

याचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. तेवढ्यात हेडफोन घसा खाकरून म्हणाला, "मला पण नाही आवडलं, मास्तर."

स्टुडिओत वायर ओढणारा माणूस वायर धरून तसाच थांबला. मास्तरांच्या मानेची शीर फुगली. "काय नाही आवडलं?"

"ते... रांग मोडून पुढे गेला, ते."

"का?"

हेडफोन पाऊल मागे सरकला, पण पळाला नाही. "ते मला सांगता नाही येणार. पण नाही."

मास्तरांच्या डोक्यात तिडीक उठली. एकेकाळी वायरी ओढणारा हा हेडफोन मला सांगणार. नाचता येईना आणि अंगण माझं वाकडं काढणार. हे सगळं त्यांनी त्याला तोंडावर ऐकवलंही, आणखीही बरंच ऐकवलं, त्याच्या कानावरच्या यंत्रापर्यंत सगळं काढलं. आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की ही तिडीक महिनाभरातल्या रागासारखी नाही. तो राग नुसता जळत होता. ही जुनी होती, ओळखीची होती, हिने हात शिवशिवत होते.

"पेन आण," ते ओरडले.

कागद कुणाकडे नव्हता. मास्तरांनी खिशातून वहिनींच्या सहीचं पत्र काढलं, उलटं केलं आणि मांडीवर ठेवून कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. चॅनेलबाईने मान वाकडी करून खालच्या बाजूची सही पाहिली.

त्यांनी लिहिलं, एक नवा माणूस रांगेत येतो आणि विचारतो, तुमच्या मागे कोणी आहे का? त्यावर मास्तर मित्राबद्दल सहा ओळी बोलतात. त्यांनी वाचून दाखवलं.

"नाही," हेडफोन म्हणाला.

सहाच्या तीन केल्या. "नाही." मागच्या जागेवर एक भाष्य केलं. "नाही." मास्तरांनी त्याला गाढव म्हटलं. प्रेक्षकांतले काही जण कंटाळून बाहेर जाऊन चहा घेऊन आले. पाचव्यांदा हेडफोनने नुसती मान हलवली तर मास्तर म्हणाले, "तोंडाने बोल. त्याची तोंडाने बोलायची हिंमत होती." "नाही," हेडफोन तोंडाने म्हणाला. मास्तरांनी सगळं काट मारून टाकलं, कागद फाटेल इतक्या जोरात. पालथ्या बाजूची सही उमटून वर आली होती, तिच्यावरूनही पेन गेलं. उरल्या दोन ओळी. त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्याच नावाने एक शिवी हासडली आणि मग वाचलं.

"नवा माणूस विचारतो, तुमच्या मागे कोणी आहे का? मी म्हणतो, आहे. तो म्हणतो, कुठे आहे? मी म्हणतो, येतोय. बूट घालतोय."

हेडफोन काही बोलला नाही. प्रेक्षकांत मागे कुठेतरी एक माणूस फस्सकन हसला, आणि त्याच्यापाठोपाठ बरेच जण. हेडफोनने तोंड फिरवलं, कानावरचं यंत्र नीट केलं आणि चिरक्या आवाजात हाक दिली, "जागेवर."

"ती पाटी काढा," मास्तर बुटांकडे हात नेत चॅनेलबाईला म्हणाले. "जुनी लावा. सगळीकडे. आणि कारण विचारू नका, माझं डोकं आधीच ठिकाणावर नाही."

मग खाली वाकून त्यांनी बूट घातले. नाड्या बांधायला बराच वेळ लागला, कारण दर गाठीला थांबून ते तोंडाने त्या मेलेल्या माणसाला शिव्या घालत होते.